‘पण’च्या पुढचं

माझं नाव हितेंद्र घाडी. राहणार लालबाग, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, नोकरी वधूवर सूचक मंडळात. आणि लग्न झालेलं नाही. हे शेवटचं ऐकलं की लोक आधी हसतात, मग मला वाईट वाटलं असेल म्हणून गप्प होतात, आणि मग न राहवून पुन्हा हसतात. हसा, हसा. मिठाईच्या दुकानात इतकी वर्षं काढून ज्याला एक पेढा मिळाला नाही, असा माणूस रोज कुठे बघायला मिळतो? दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो अंधार म्हणजे मी.

फणसवाडीतल्या ‘गाठभेट वधूवर सूचक मंडळा’त मी पहिल्यांदा गेलो तो प्रिंटर दुरुस्त करायला. प्रिंटर काही दुरुस्त झाला नाही, मी मात्र तिथेच चिकटलो. मालकीणबाई सुमतीबाई मानकर. पंचाहत्तरीच्या आसपास, गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या, आवाज असा की त्यांनी ‘बसा’ म्हटलं की उभा माणूस बसतो आणि बसलेला अजून थोडा खाली सरकतो. त्यांनी मला विचारलं, “कॉम्प्युटर कळतो का रे तुला?” मी म्हटलं, “हो, कळतो ना.” तेव्हापासून मंडळाची वेबसाईट, मशीनं, मेसेज, सगळं माझ्या गळ्यात आहे.

आता मंडळाची रीत सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नकार कसा द्यायचा, ह्याचं आमच्याकडे शास्त्र आहे. मुलगा टकला वाटला, मुलगी जरा जास्तच हुशार वाटली, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, काहीही कारण असो, समोरच्याला एकच उत्तर जातं: पत्रिका जुळत नाही. पण खरं कारण मंडळाला कळवायचं, ते सक्तीचं. सुमतीबाई सांगायच्या, “खरं मला सांगा, म्हणजे पुढचं स्थळ नीट शोधता येईल.” आणि आम्हा ऑफिसातल्यांना हळूच, “समोरच्यांना मात्र ग्रहांवर ढकला. ग्रह काही भांडायला येत नाहीत.”

म्हणून वेबसाईटवर एक चौकट आहे. भेट झाली की मनात जे असेल ते तिथे लिहायचं. लिहिलेलं फक्त सुमतीबाईंना दिसतं, त्यांच्या किल्लीने. मलासुद्धा उघडता येऊ नये असं कुलूप मी स्वतः घातलं आणि येईल त्याला कौतुकाने सांगत सुटलो. चौकटीत नकार आला की सुमतीबाई एक बटण दाबतात आणि मेसेज जातो: ‘नमस्कार. आपल्या स्थळाचा आदरपूर्वक विचार केला. परंतु पत्रिका जुळत नाही. क्षमस्व.’ हा मजकूर माझा. ‘आदरपूर्वक’ तर खास माझा. होकाराला मेसेज नाही. होकार आला की सुमतीबाई स्वतः टेबलावरचा काळा फोन उचलतात, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मागतात आणि सांगतात. तो फोन लागला की आम्ही सगळे हातातलं काम टाकून ऐकत बसतो.

तर अशा मंडळात सुमतीबाईंनी माझंही नाव नोंदवलं. भेटी झाल्या. आणि दर भेटीनंतर माझाच मेसेज माझ्या फोनवर यायला लागला.

आता माझी अक्कल बघा. मेसेज मी लिहिला. बटण मी बनवलं. मंडळात पत्रिका बघणारं कोणी नाही, एकुलतं एक पंचांग आहे तेसुद्धा काळ्या फोनखाली टेकू म्हणून ठेवलंय, हे मला ठाऊक. आणि तरी मेसेज आला की मी घरी जाऊन तोंड पाडून सांगायचो, “आई, पत्रिका जुळत नाही म्हणतात गं.” जगाचं खोटं, माझं तेवढं खरं! माझी आई सुभद्रा, मूळची मालवणकडची, ती कपाळावर हात मारून म्हणायची, “झिला, तुझे गिरेच वाकडे रे.” मग तिने मला चिंचपोकळीच्या एका ज्योतिषाकडे नेलं. त्याने माझ्याकडे एकदा आणि पत्रिकेकडे अर्धवट एकदा बघितलं आणि निदान केलं, गुरू नरम आहे. उजव्या हाताच्या तर्जनीत पुष्कराजाची अंगठी आली. गुरू कडक झाला की नाही माहीत नाही. मी मात्र जाड झालो, आणि अंगठी बोटात रुतून बसली ती बसलीच.

ह्या मोसमात एक नवं स्थळ आलं. मेघना पेडणेकर, राहणार भायखळा, परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते. दादरच्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. मी ठरवून गेलो होतो की कमी बोलायचं. बसल्या बसल्या सुरू झालो तो मंडळाच्या मशीनवर. मागे एकदा मी नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि मुलांच्या फोटोंच्या जागी त्यांच्या आयांचे फोटो लागले, आणि एका आईला दोन होकार आले, हे सांगितलं. मेघना हसली. नुसतं बरं दिसावं म्हणून नाही, पाण्याचा ग्लास खाली ठेवून हसली. त्या आनंदात मी सांबार सांडलं. मधूनमधून ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. माझी बोटं लांबसडक आहेत असं आई म्हणते, तेव्हा म्हटलं, बघू दे. मी हात मुद्दाम पुढे ठेवला. माझी आई माझ्याबद्दल काहीही म्हणते हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

घरी आलो तो तरंगत. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली होती. इतकी वर्षं ‘मुलगी बघायला’ जात होतो, ह्या वेळी परत भेटावंसं वाटत होतं. उत्तर येत नव्हतं. आई रोज डबा देताना विचारायची, “इला काय रे?” मी म्हणायचो, “नाय.” मग ती देवाकडे बघायची आणि मी अंगठीकडे.

इथे मशीनची भानगड सांगावी लागते. आमच्या वेबसाईटच्या पुढ्यात एक प्रॉक्सी सर्व्हर बसतो. म्हणजे दारातला माणूस समजा. तुम्ही जे मागाल ते आधी तो ऐकणार, आत जाऊन आणणार आणि तुमच्या हातात देणार. आत कोणाला थेट सोडायचं नाही, हे त्याचं काम. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची मेल दिवाळीनंतर येऊन पडली होती: ह्यात एक भोक सापडलं आहे, मेमरीतला मजकूर बाहेर गळू शकतो, ताबडतोब नवीन आवृत्ती टाका. मी सुमतीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुळशीचं लग्न झालंय, हितेंद्र. आता मोसम संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. मला पुन्हा त्या आयांच्या घोळात पडायचं नाही.” मीही लगेच मान डोलावली. माझा पूर्वेतिहासच तसा, वाद कोणत्या तोंडाने घालणार? शिवाय आमचं कोण काय चोरणार, असं वाटलं. चौकटीला माझं भक्कम कुलूप होतंच की!

मग तो दिवस उजाडला. फोनवर ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मंडळाच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडलेले आहेत. त्यातल्या एकावर कमलताई कोठारे बसल्या होत्या, शेजारी त्यांचा मुलगा राजस. कमलताई सुनेबद्दलच्या अपेक्षा टाईप करत होत्या. टाईप करताना मोठ्याने म्हणायची त्यांना सवय, त्यामुळे अपेक्षा अख्ख्या हॉलला पाठ झाल्या होत्या. सालस पण स्मार्ट, नोकरी करणारी पण घरी लवकर येणारी, मासे उत्तम करणारी पण गुरुवार पाळणारी, असं चालूच. तासाभराने त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘आपली विनंती प्रमाणाबाहेर मोठी आहे.’ त्याखाली चौकोन, आकडे, कसलीतरी अक्षरं, आणि त्या कचऱ्यात मधेच सरळ मराठी. कमलताईंनी सवयीने मोठ्याने वाचलं: “राजस चांगला आहे हो, पण त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याची आई देते. चहा घेणार का विचारलं, तर आई म्हणाली, तो घेत नाही. मुलगा कपाकडे बघत राहिला.”

हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“हे कोणी लिहिलं?” कमलताई ओरडल्या.

राजसने तोंड उघडलं. “आई, मला वाटतं...”

“तू गप्प बस!”

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. माझा मेसेज. पत्रिका जुळत नाही, क्षमस्व. कमलताईंनी मेसेज वाचला, पडदा वाचला, पुन्हा मेसेज वाचला. बिचाऱ्यांचा चेहरा मला बघवेना. आणि बाकीची मंडळी? एक जण मदतीला उठला असेल तर शपथ. सगळ्यांना युक्ती कळली होती. आजूबाजूच्या खुर्च्यांवर कधी नव्हे त्या अपेक्षा वाढायला लागल्या. गेल्या महिन्यात ‘मुलगी माणूस असली म्हणजे झालं’ म्हणणारे एक काका दोन बोटांनी खाली मान घालून निबंध लिहीत होते. आयला, मी म्हटलं, मेलो.

आतल्या खोलीत पळालो आणि ती दिवाळीनंतरची मेल ह्या वेळी नीट वाचली. भोक साधं होतं. कोणी प्रमाणाबाहेर लांब मजकूर पाठवला की प्रॉक्सी गडबडायचा. ‘जमत नाही’ असं पान बनवायचा, आणि पान भरायला स्वतःच्या मेमरीतलं हाताला लागेल ते चिकटवायचा, म्हणजे थोड्या वेळापूर्वी दुसऱ्याच कोणी त्याच्या हातून आत पाठवलेलं. वाणी कसा, कोणाची तरी जुनी उत्तरपत्रिका फाडून पुडी बांधतो आणि आपण शेंगदाणे खाताखाता त्या पोराचे मार्क वाचतो, तसंच. माझं कुलूप आतल्या कपाटाला. हे गळत होतं दारातल्या माणसाच्या खिशातून. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, दुसरं काय!

सुमतीबाई मागोमाग आल्या. “बंद कर आधी.”

“करतो. एकदा खात्री करून घेतो,” मी म्हटलं.

हे खरंच कामापुरतं होतं. म्हणजे सुरुवातीला तरी. लांब मजकूर हवा होता म्हणून मी माझ्याच नोंदणीतल्या अपेक्षा घेतल्या, ‘समजूतदार, हसतमुख’, आणि पानंच्या पानं चिकटवल्या. समजूतदार हसतमुख समजूतदार हसतमुख. बटण दाबलं. ‘आपली विनंती प्रमाणाबाहेर मोठी आहे.’ मनात म्हटलं, ते आई पण सांगते. त्याखाली कचरा, आणि कचऱ्यात:

‘हितेंद्र घाडी. माणूस चांगला आहे. बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले. आईबद्दल बोलतो तेव्हा खोटं वाटत नाही. पण’

आणि पुढे चौकोन. नुसते चौकोन.

मेघनाने त्याच दुपारी लिहिलं असणार. माणूस चांगला आहे, हे कोणी माझ्याबद्दल आईच्या गैरहजेरीत पहिल्यांदाच म्हटलं होतं. मग पण काय? पण टक्कल? पण पोट? पण सांबार? एकदा, फक्त एकदा पुन्हा बटण दाबलं तर पुढचा तुकडा येईल. हॉलमधून मंडळींची कुजबूज ऐकू येत होती, तिथे भोक उघडंच होतं, आणि मी, ते बुजवायला बसलेला माणूस, स्वतःच्या ‘पण’साठी त्याच भोकाला डोळा लावून बसलो. दाबलं बटण.

आलं ते दुसऱ्याच कोणाचं. ‘माझा मुलगा त्यांना बघून घाबरला होता. मीसुद्धा. त्यांना नाही म्हणताना मला माझीच लाज वाटते, पण आता माझ्याने नवीन माणसाची सवय होणार नाही.’

पुन्हा दाबलं. ‘आमच्या मुलाला लग्नच नको आहे. तो सांगत नाही, आम्हाला कळतं. त्याला न सांगता स्थळं पाठवणं थांबवाल का?’

ते वाचलं आणि मला कानाखाली बसल्यासारखं झालं. कोणीतरी आईबाप कुठेतरी बसून, पोराला कळू नये म्हणून, एका म्हाताऱ्या बाईवर विश्वास ठेवून हे लिहीत होते. आणि वाचत होता कोण, तर मी, समजूतदार हसतमुख. आणि बाहेरचे ते निबंधवाले काका. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

मी वायर खेचली. बाहेर हॉलमध्ये ‘अरे काय, अरे काय’ झालं.

सुमतीबाई दारातच होत्या. “झाली खात्री?”

“झाली.”

“तुझं दिसलं वाटतं त्यात.” त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“‘पण’पर्यंत दिसलं.” मग मी निर्लज्जासारखं विचारलंच, “बाई, किल्ली तुमच्याकडे आहे...”

“आहे. देणार नाही. आणि मीसुद्धा आत्ता उघडणार नाही, पाळी येईल तेव्हाच उघडेन. मुलगा आपल्या ऑफिसातला असला म्हणून नियम बदलत नाही.” मग म्हणाल्या, “मशीनला हात लावू नको म्हटलं ते मी. चूक माझी. आता लाव हात.”

मी नवीन आवृत्ती टाकली. मशीन पुन्हा सुरू केलं की त्याची मेमरी कोरी होते, त्याबरोबर माझं ते अर्धं वाक्यही पुसलं गेलं. मग त्याच लांबलचक अपेक्षा पुन्हा पाठवून बघितल्या. ‘आपली विनंती प्रमाणाबाहेर मोठी आहे.’ खाली कोरं. अगदी स्वच्छ कोरं. आयुष्यात माझं एक काम पहिल्या झटक्यात जमलं, आणि मला रडू यायचं बाकी होतं.

सुमतीबाईंनी सांगितलं, ज्यांचं ज्यांचं दिसलं त्या सगळ्यांना कळवायचं आणि माफी मागायची. नुसतं दिलगीर आहोत छाप काही नको. त्या स्वतः फोनवर बसल्या. कमलताईंची समजूत घालायला तर त्यांच्या घरी गेल्या. मला म्हणाल्या, “पेडणेकरांच्या मुलीला तू सांगायचं. फोनवर नाही. जाऊन.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत परळला गेलो. मेघना लॅबच्या बाहेर आली, पांढरा कोट, केस वर बांधलेले. मला बघून आधी चेहरा खुलला आणि मग मी काय बोलतोय ते ऐकताना एकेक दिवा मालवावा तसा बंद होत गेला.

“म्हणजे मी लिहिलेलं बाहेर गेलं,” ती म्हणाली. “कोणी वाचलं?”

“मी.”

“अजून?”

“बहुतेक कोणी नाही. पण शपथेवर सांगता येणार नाही.”

“आमच्याकडे एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात गेला ना, तर नोकरी जाते. माहीत आहे तुम्हाला?”

“माझी पण जायला हवी होती. पण सुमतीबाईंना दुसरा प्रिंटरवाला मिळत नाही.”

ती हसली नाही. माझी ती एकच विद्या, तीही फुकट गेली. मग मी सरळ म्हटलं, “चुकलं. तुम्ही विश्वासाने लिहिलं आणि आम्हाला ते सांभाळता आलं नाही. मला खूप लाज वाटते.”

“काय वाचलंत?” तिने विचारलं.

मी म्हणून दाखवलं. पाठच झालं होतं. “...आईबद्दल बोलतो तेव्हा खोटं वाटत नाही, पण. पुढे चौकोन.”

“मग परत बघायचं ना. तुम्ही तर मशीनवाले.”

इथे ‘छे छे, मी तसला माणूस नाही’ असं म्हणायची केवढी चांगली संधी होती! पण माझी जीभ अशा वेळी कधी माझ्या बाजूने नसते. “बघितलं. दोनदा. दुसऱ्यांचंच आलं. मग ते वाचवेना, म्हणून बंद केलं.”

“निदान खरं तरी बोललात,” ती म्हणाली. “हात बघू.”

मी हात पुढे केला. गाढव तो गाढवच, अजून मला वाटत होतं, बोटं. तिने तर्जनीवर टिचकी मारली. “पण ही. ‘पण अंगठ्या घालतो. पत्रिकेवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाबरोबर मला राहता येणार नाही.’ असं लिहिलंय पुढे.”

मी हात मागे घेतला.

“तुमच्याच मंडळाकडून मला इतक्या वेळा ‘पत्रिका जुळत नाही’ आलंय,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला, “की मी ती पत्रिका फाडून टाकली. एक जण होता, बोलणं बरंच पुढे गेलं होतं. मला आवडला होता. एक दिवस मेसेज. आदरपूर्वक विचार केला म्हणे! अहो, काय आदर? ग्रह कुठे बसलेत त्यावरून माणूस टाकून देतात आणि वर आदर!”

“आदरपूर्वक हा शब्द माझा,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“काय?”

मग सांगितलं सगळं. बटण, मेसेज, सुमतीबाईंचं शास्त्र, फोनखालचं पंचांग. ती ऐकत होती आणि तिचे डोळे मोठे होत होते.

“म्हणजे एकदाही पत्रिका...?”

“एकदाही नाही. कोणाचीच नाही. आमच्याकडे बघणारं माणूसच नाही.”

“आणि हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“मीच तर बनवलंय.”

“मग ही का घातलीत?”

मी अंगठीकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. “मला वाटलं,” मी म्हटलं, “बाकीच्यांचं खोटं असेल. माझं खरं असेल.”

“म्हणजे लोकांना तुम्ही नको होतात, ह्यापेक्षा गुरू नरम आहे, हे बरं वाटलं.”

लागलं. खोलवर लागलं, कारण अगदी तसंच होतं. “हो,” मी म्हटलं. “तेच.”

ती भिंतीला टेकली आणि हसायला लागली. मग डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं की दुसरं, मला नक्की सांगता येणार नाही. “मलाही तेच बरं वाटायचं,” ती म्हणाली. “ग्रहांना शिव्या घालायच्या, म्हणजे त्या माणसाला घालाव्या लागत नाहीत. स्वतःलाही नाहीत.”

मी तिथल्या तिथे अंगठी ओढायला लागलो. ती काय निघते! बोट लाल झालं. मेघनाने आतून साबण आणला. साबण लावून ओढलं, पाण्याखाली धरून ओढलं, शेवटी ती एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, अशी रस्सीखेच झाली. तिथून जाणारे पेशंट थांबून बघायला लागले.

“सोड,” ती म्हणाली. ‘सोडा’ नाही, ‘सोड’. माझं लक्ष गेलं. “बोट तुटेल. चल माझ्याबरोबर.”

तातडीच्या विभागात अंगठ्या कापायची एक छोटी करवत असते, ते मला तिथे कळलं. नर्सने माझं सुजलेलं बोट हातात घेतलं आणि विचारलं, “कशात अडकली?”

“गुरूत,” मेघना म्हणाली.

करवत फिरत होती आणि ती शेजारी उभी राहून माझं मनगट घट्ट धरून होती, मी हलू नये म्हणून. मी हलणार नव्हतो. ती करवत अजून तासभर चालली असती तरी माझी तक्रार नव्हती. अंगठीचे दोन तुकडे झाले, बोटावर पांढरा वळ राहिला, आणि मेघनाची सुट्टी संपली म्हणून ती आत गेली. हो नाही, काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. आमच्यात रीत आहे, चौकटीत लिहायचं, आणि मत बदललं तर तिथेच पुन्हा लिहायचं.

घरी आईने बोट बघितलं. “आंगठी खय?”

“तुटली.”

आई मटकन खाली बसली. गुरू होता तोसुद्धा गेला, असं म्हणाली आणि जेवली नाही. तिला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिच्यापुढे जिंकतो कोण?

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, हॉल गच्च भरलेला असताना, सुमतीबाईंनी त्यांच्या पडद्यावर काहीतरी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी समोरच्या टेबलावर, प्रिंटर उघडून बसलो होतो. वाटलं, आता बटण दाबणार आणि माझ्या खिशात माझा मेसेज वाजणार. मी खिशावर हात ठेवला. आदरपूर्वक विचार केला. ये बाबा, ये.

सुमतीबाईंनी काळा फोन उचलला. नंबर फिरवला. हॉलमधलं बोलणं आपोआप बंद झालं.

“नमस्कार. हितेंद्र घाडींच्या घरून बोलताय का? सुभद्राबाई आहेत? मी गाठभेट मंडळातून, सुमती मानकर.” मी समोर बसलोय, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि त्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. “आपल्या चिरंजीवांच्या स्थळाबद्दल फोन केला. भायखळ्याच्या पेडणेकरांची मुलगी. मुलीकडून होकार आहे.”

मग लालबागहून आईचा आवाज, फणसवाडीला फोनशिवायही ऐकू आला असता असा: “काय सांगताव काय! आणि अवो, पत्रिका? पत्रिका बघूक व्हयी मां?”

हॉलमधल्या सगळ्या माना सुमतीबाईंकडे वळल्या. कमलताई आणि राजसही होते. सुमतीबाईंनी फोनखालच्या पंचांगावर हात ठेवला.

“जुळते हो, सुभद्राबाई,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः बघितली. छत्तीसच्या छत्तीस गुण.”

पलीकडे आई रडत होती, ते मला ऐकू येत होतं. मला माहीत होतं की ही शुद्ध थाप आहे. मेघनाने तर तिची पत्रिका कधीच फाडून टाकली होती. तरी तुम्हाला सांगतो, छत्तीस गुण ऐकले आणि माझी छाती फुगली. बाकीच्यांचं काय असेल ते असो, माझं मात्र खरं असणार. मेघनाला कृपा करून ह्यातलं काही सांगू नका.